खांबांविना पर्गोला : पार्ल्यातील एका जुन्या घराचे काम

विलेपार्ले पूर्वेतील आमच्या दुमजली घराच्या मागच्या अंगणाखाली पाण्याची टाकी आहे आणि तिच्या कडेने ड्रेनेजची लाइन जाते, त्यामुळे पर्गोला, म्हणजे वरून उघड्या पट्ट्यांचा मांडव, हवा असला तरी खांब रोवायला जागाच नव्हती. सगळा भार घरानेच पेलला पाहिजे, ही अट ऐकून बहुतेक फॅब्रिकेटरांनी मोबाइलवरचे फोटो बघूनच 'होऊन जाईल' असे सांगितले. शेवटी ज्यांना काम दिले, त्या अंधेरीच्या फॅब्रिकेटरने मात्र आधी हातोडीने भिंत ठोकून पाहिली, बीम कुठे आहे आणि नुसते विटांचे बांधकाम कुठे आहे याच्या खडूने खुणा केल्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचे ड्रॉइंग हातात आल्याशिवाय दर देणार नाही, असे स्पष्ट सांगितले.

पर्गोला १२ फूट लांब असून भिंतीपासून ७ फूट पुढे येतो. त्याची मागची कड पहिल्या मजल्याच्या बीमला बोल्टने जोडली आहे आणि पुढची कड दोन तिरप्या पाइपांनी वर गच्चीच्या स्लॅबखालच्या बीमला धरली आहे. इथे पाइपच का, हा प्रश्न मी विचारला होता, कारण इतर कोटेशनांत बारीक सळ्या दाखवल्या होत्या आणि त्या दिसायलाही नाजूक वाटत होत्या. उत्तर पटण्यासारखे होते. ॲल्युमिनियमच्या या सांगाड्याचे वजन शंभर-सव्वाशे किलोच्या घरात आहे आणि तेवढे खाली ओढणारे वजन सळई सहज पेलते. पण वारा पर्गोल्याला खालून वर उचलतो, आणि सळईला फक्त ताण सहन होतो, दाब नाही. वर रेटा येताच ती वाकते आणि सगळा भार मागच्या बोल्टांवर पडतो. इमारतींवर येणाऱ्या भारांसाठीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. जागेनुसार येणारे गुणक बाजूला ठेवले, तर त्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरला साधारण ११८ किलो होतो. म्हणजे वरून पूर्ण झाकलेल्या एवढ्याच पर्गोल्यावर वाऱ्याचा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट होऊ शकतो. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात उडालेले पत्रे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

त्याच कारणाने पट्ट्यांवर पॉलिकार्बोनेटची शीट टाकायला त्यांनी नकार दिला. पावसाळ्यात अंगण कोरडे राहावे ही घरातल्यांची इच्छा होती आणि इतर दोघे तिघे ती विनातक्रार पुरवायला तयार होते. पण यांचे म्हणणे असे, की शीट हवी असेल तर हिशेब नव्याने करावा लागेल आणि जुन्या बीमला तो झेपेलच असे नाही. ज्याला जास्तीचे बिल मिळवता आले असते त्याने ते सोडून द्यावे, हे आपल्याकडे विरळाच.

बीमला जोडकाम करतानाची काळजी जवळून बघण्यासारखी होती. सांगाडा बीमला जोडणारा लोखंडी पाट, म्हणजे जाड सपाट पट्टी, जिथे बसणार तिथले प्लास्टर त्यांनी खरवडून थेट काँक्रीट उघडे केले, कारण प्लास्टरवर पाट आवळला तर ते हळूहळू चिरडते आणि बोल्ट सैल पडतो. आतल्या सळ्या यंत्राने शोधून भोके त्यांच्यापासून दूर घेतली. प्रत्येक भोक आधी फुंकणीने, मग तारेच्या गोल ब्रशने आणि पुन्हा फुंकणीने साफ केले आणि त्यानंतरच बोल्ट काँक्रीटमध्ये चिकटवून धरणारा केमिकल अँकरचा लगदा तळापासून भरत आणला. भोकात धूळ राहिली तर लगदा काँक्रीटऐवजी धुळीलाच चिकटतो. नट दुसऱ्या दिवशी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच, आवळले. गच्चीवर पाय उभे करून सांगाडा तिथून खाली लोंबवण्याचा पर्याय एका वेगळ्या फॅब्रिकेटरने सुचवला होता. तो मान्य केला असता, तर गच्चीच्या कोब्याला भोके पडली असती आणि सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या शहरात त्या भोकांनी वरच्या खोलीचे छत दोन पावसाळ्यांत ओले केले असते.

खाऱ्या हवेचा विचार करून बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे वापरले आहेत आणि स्टील व ॲल्युमिनियम एकमेकांना थेट टेकू नयेत म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर आहेत. रंगकाम नीट आहे.

आता तक्रारी. भिंतीचा पाट घासताना उडालेला लोखंडाचा चुरा कामगारांनी झाडला नाही. रात्री एक सर आली आणि सकाळी अंगणातल्या कोटा फरशीवर चहाच्या रंगाचे शेकडो ठिपके उमटले होते. ते घासून काढण्यासाठी त्यांना तीनदा फोन करावा लागला आणि तरीही चेंबरच्या झाकणाजवळचे डाग अजून आहेत. दुसरे, सांगाड्याची हमी लेखी आहे, पण भिंतीतून येणाऱ्या ओलीला ती लागू नाही, ही ओळ कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरांत होती. पाटाच्या वरच्या कडेला सीलंट भरणेही मी आठवण करून दिल्यावरच झाले, वास्तविक पाणी मुरायची जागा तीच. दर साध्या लोखंडी कामाच्या जवळपास दीडपट पडला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

घर कितीही जुने असले, तरी काँक्रीटचे बीम शाबूत असतील तर हे काम त्यांना द्यायला हरकत नाही. विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या कौलारू घराला त्यांनी स्वतःच नकार दिल्याचे मला ठाऊक आहे. आणखी एक अट त्यांच्या कागदावर ठळक अक्षरांत आहे : पर्गोल्याला झोपाळा टांगायचा नाही. आईने त्यावरून बराच वाद घातला. तिचा झोपाळा सध्या स्वतःच्या स्टँडवर, पर्गोल्याखालीच उभा आहे.