पाळकगृह की भाड्याचं घर?

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू. लग्नानंतरची 2 वर्षं मी ठाण्यात, चर्चच्या आवारातल्या पाळकगृहात, म्हणजे चर्चने पाळकाला राहायला दिलेल्या घरात काढली. आता ऐरोलीत भाड्याने राहतो. तरुण पाळकांनी निवड करताना दोन्हींचा नीट विचार करावा, असं मनापासून वाटतं.

पाळकगृहात भाडं नाही, प्रवास नाही. कुणी आजारी पडलं की पाच मिनिटांत हजर. पण दार कायम उघडं. रात्री साडेनऊला पानात वरणभात वाढलेला आणि बेल वाजायची: हॉलची चावी हवी असायची. मुलगी भात चिवडत माझी वाट बघायची, शेवटी आईच्या मांडीवर झोपून जायची. बायकोने दोरीवर काय वाळत घातलंय, यावरही बोललं जाई. ते मला फार लागलं.

ऐरोलीत भाड्याने पगाराचा मोठा लचका तुटतो. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणं जवळच आहे, तरी लोकल बंद झाल्यावर बोलावणं आलं तर कळव्यावरून रिक्षाने जावं लागतं. पण सोमवार, माझा सुट्टीचा दिवस, घरचा राहतो.

बायबलमधल्या 1 तीमथ्य 3:5 मध्ये प्रेषित पौल स्पष्ट विचारतो की ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही, तो मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, कशी सांभाळणार? म्हणून लेकरं लहान असेपर्यंत मी बाहेरचंच घर घ्या म्हणेन. मात्र रात्रीच्या बोलावण्यांसाठी वडीलजनांची, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांची, पाळी आधी लावून घ्या. बायबलच्याच निर्गम 18 मध्ये इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, ओझं वाटून घ्यायलाच सांगितलं होतं. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवारची रात्रीची बोलावणी आता दोन वडीलजन बघतात.