एसयू, सुडो की डूॲस? दुकानातल्या मशीनवरचा अनुभव

चोपड्यात माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, झेरॉक्स, सगळं चालतं. जुन्या मशीनवर डेबियन हे लिनक्स टाकलं त्याला बरेच महिने झाले. लिनक्समध्ये रूट म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, आणि साध्या खात्यावरून त्या अधिकाराने काम करायच्या कमांड म्हणजे एसयू, सुडो आणि डूॲस. एका मशीनवर एसयू, दुसऱ्यावर सुडो आणि स्वतःच्या फेडोरा (दुसरं एक लिनक्स) लॅपटॉपवर डूॲस, अशी वेगवेगळी सोय मुद्दाम ठेवली होती.

एसयू दुकानाच्या कामाचं नाही. रूटचा पासवर्ड एकच. कामावरच्या पोराला प्रिंटरपुरता सांगितला तरी अख्खं मशीन त्याच्या हातात जातं. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदीत, रूट कोण झाला एवढंच दिसतं, पुढे काय केलं ते नाही. शिवाय डेबियन १० पासून नुसतं एसयू मारलं की पाथ (कमांड कुठे शोधायची त्या जागांची यादी) जुनाच राहतो आणि यूजरमॉडसारखी (खात्यात बदल करणारी) कमांड सापडत नाही. पुढे डॅश लावायचाच.

नव्यांसाठी एक गोष्ट. डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला तर पहिल्या यूजरला सुडो आपोआप मिळतं. पासवर्ड दिला तर मिळत नाही, आणि मग ‘तुम्ही सुडोअर्समध्ये (सुडोची परवानगी असलेल्यांच्या यादीत) नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं.

दुकानात खरं काम सुडोने केलं. आमचा प्रिंटर ऐन गर्दीत रुसतो. समोर केळीवाले शेतकरी उभे, ‘भाऊ, मनं काम कवय व्हई?’ आणि रांगेत फाइली अडकलेल्या. उपाय एकच, कप्स ही छपाई सांभाळणारी सेवा रिस्टार्ट. मी व्हीआय-सुडो (सुडोच्या परवानग्यांची फाइल बदलायची कमांड) उघडून पोराच्या खात्याला तेवढी एकच कमांड दिली, तिच्या फाइलच्या पूर्ण पत्त्यासकट. व्हीआय-सुडोच वापरा, ते सेव्ह करण्याआधी चूक पकडतं. फाइल थेट बिघडली तर सुडोच बंद पडतं. आता पोरगा स्वतःचा पासवर्ड टाकून काम उरकतो, आणि कोणी कधी काय चालवलं ते लॉगमध्ये राहतं. मात्र परवानगीच्या यादीत व्हिम (फाइल बदलायचा प्रोग्राम) किंवा लेस (फाइल वाचायचा) घालू नका, त्यांच्या आतून सरळ रूटचं शेल, म्हणजे हवी ती कमांड चालवायची जागा, उघडतं. डेबियनवर सुडो पासवर्ड १५ मिनिटं लक्षात ठेवतं. मी चहाला उठलो तरी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडंच असतं, म्हणून ती मुदत शून्य केली.

सुडो १९८० च्या सुमाराचं आहे, आणि जुनं ते पक्कं असं बरेच जण धरून चालतात. पण जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने त्यात असं भोक दाखवलं की मशीनवरचा कुठलाही साधा यूजर रूट होऊ शकत होता, आणि ते २०११ पासून तसंच पडून होतं. पीकेएक्झेक या तशाच कमांडचं भोक २०२२ मध्ये निघालं, ते तर २००९ पासूनचं. म्हणून अपडेट टाळायचे नाहीत, मग इंटरनेट कितीही रडो.

मनापासून आवडलं ते डूॲस. ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीत २०१५ मध्ये आलं. कोड लहान, सेटिंग एका ओळीत मावते, वाचताक्षणी कळते. एकट्याच्या लॅपटॉपला मी तेच सुचवेन. फक्त नेटवरच्या प्रत्येक सूचनेत सुडो लिहिलेलं असतं आणि काही स्क्रिप्ट (तयार कमांडच्या फाइली) तेच शोधतात, तिथे दरवेळी हाताने बदल करावा लागतो.

लॅपटॉपवर रन-झिरोही (याच कामाची नवी कमांड) चाळून पाहिलं. सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या) २५६ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये आलेलं. सेटयूआयडी बिट (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या, इथे रूटच्या, अधिकाराने चालवणारी फाइलवरची खूण) न वापरता चालतं ही त्याची खरी जमेची बाजू, आणि रूट असताना टर्मिनल लालसर होतं तेही छान. पण परवानग्या पोलकिट या वेगळ्या सेवेकडे, आणि ते नियम जावास्क्रिप्टमध्ये. प्रिंटरच्या एका कमांडसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही.