बोटीवर जाताना आपली फाइल कुठे जाते: हॅम्बर्ग की दुबई?

दापोली, खेड, श्रीवर्धनकडे बोटीवर किंवा आखातात माणूस असलेली घरं मोजायला नकोत. दोन ऑफर आल्या की चर्चा पगाराची, काँट्रॅक्टच्या महिन्यांची. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), मेडिकल रिपोर्ट, बँक खातं, घरच्यांची नावं हे सगळं कुठल्या देशात जाऊन पडतं, ते कुणी विचारत नाही. समजा, एक मालक हॅम्बर्गचा किंवा लिमासोलचा, दुसरा दुबईचा आणि पगार जवळपास सारखा.

आधी बोटीवरचा झेंडा, म्हणजे बोट कुठल्या देशात नोंदलीय ते, विसरा. तो पनामाचा असला तरी फाइल मालकाच्या ऑफिसात असते, आणि महत्त्वाचा कायदा तिथला. जर्मनी आणि सायप्रस दोन्ही युरोपियन युनियनमध्ये, म्हणजे २५ मे २०१८ पासून जीडीपीआर, हा युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा. तुमचं घर गुहागरला असलं तरी तो तुम्हाला लागू होतो. आरोग्याच्या माहितीला त्यात जादा संरक्षण आहे. ‘माझ्याबद्दल काय काय ठेवलंय ते दाखवा’ असा ईमेल टाकलात तर साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. नोकरीच्या वेळी घेतलेल्या संमतीच्या सहीला तिथे फारसं वजन नाही. मालकाला नाही म्हणणार कोण? दंडही होतो. ड्रायव्हरांची माहिती पुरेशा संरक्षणाविना अमेरिकेत पाठवली म्हणून नेदरलँड्सच्या नियामकाने २०२४ मध्ये उबरला २९ कोटी युरो ठोठावले. कंपनीला तो निर्णय मान्य नाही, ते वेगळं.

दुबईतही कायदा आहे, पण एक नाही. अमिरातीचा संघीय कायदा २०२१ चा. डीआयएफसी या दुबईतल्या फ्री झोनचा (वेगळे नियम असलेल्या व्यापारी भागाचा) स्वतःचा, २०२० चा. आरोग्याच्या माहितीसाठी २०१९ चा आणखी वेगळा. डीआयएफसीतल्या कंपनीकडे आपली माहिती मागण्याचा हक्क बराचसा युरोपसारखाच मिळतो. म्हणून ऑफरवरचा पत्ता नीट वाचा.

दोन्हीकडे मधे मुंबईचा एजंट असतो, आणि त्याला आपला, भारताचा कायदा. माहिती-संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला संमती लागत नाही. सरकार मनाई करेल ते देश सोडून ती कुठेही पाठवता येते. शिवाय ‘दाखवा’ म्हणायचा हक्क संमतीने घेतलेल्या माहितीपुरताच. मुख्य तरतुदी मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोवर २०११ चे नियम: मेडिकल आणि बँकेची माहिती बाहेर पाठवायची तर करारासाठी गरज हवी किंवा तुमची संमती, आणि तिकडे संरक्षणही इथल्याइतकंच हवं.

पगार सारखा असेल तर मी युरोपचा मालक धरीन. दुबईवाला भरघोस जास्त देत असेल तर निव्वळ फाइलसाठी ती नोकरी सोडू नका. मात्र सही करण्याआधी एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी) परवाना बघा, पासपोर्टचे फोटो ओळखीच्या ओळखीला व्हॉट्सअ‍ॅप करू नका, आणि तीन गोष्टी ईमेलवरच विचारा: मालक कंपनीचं नोंदणीकृत नाव-पत्ता काय, मेडिकल रिपोर्ट कोणाकोणाला जातो, आणि साइन ऑफनंतर (काँट्रॅक्ट संपवून बोटीवरून उतरल्यावर) फाइल किती वर्षं ठेवता.