लिथियमचे नऊ महिने, त्यात नागपूरचा उन्हाळा

ऑक्टोबरपासून लिथियम घेतेय, मन जागेवर ठेवणारी गोळी. आजार बायपोलर, म्हणजे मन कधी एकदम खाली, कधी एकदम वर. त्याआधी दीड वर्ष नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या चालल्या, कारण दवाखान्यात मी फक्त रडत असतानाच जायची. चांगल्या दिवसांबद्दल कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सप्टेंबरात चार रात्री डोळा लागला नाही, तरी थकवा म्हणून नाही. पहाटे तीनला माळ्यावरचा कूलर उतरवून घासला, दुपारी बर्डीच्या बाजारातून अकरा साड्या आणल्या. आई खूश, "पोरगी कशी कामाला लागली बाप्पा!" वहिनीला मात्र शंका आली. नव्या डॉक्टरांनी आधी झोपेचंच विचारलं. डिप्रेशनची गोळी अशी उसळी आणू शकते म्हणे. ती बंद केली.

पहिले दोन आठवडे काहीच कळलं नाही. डिसेंबरापर्यंत मन जागेवर आलं. बदल्यात वजन चार किलो वाढलं, तहान सतत, आणि हात थरथरतो. पाहुण्यांसमोर चहा बशीत सांडला की आत्या विचारणारच, "काऊन वं, हात काऊन हालते?"

रक्ताची तपासणी रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी करायची. एकदा मी सकाळची गोळी घेऊन गेले, आकडा फुगून आला, पैसे वाया. माझ्या रक्तातली लिथियमची पातळी 0.6 ते 1.0 मध्ये ठेवायचीय. शिवाय दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा 45 वर, त्यात लग्नातलं जेवण बाधलं, जुलाब सुरू. आईने पथ्य म्हणून भातातलं मीठही काढलं. डोकं ठणकत होतं तर औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन आणली. लिथियम घेते हे मी सांगितलं नाही, दुकानदारानेही विचारलं नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, ही गोळी त्यात भर घालते. दुसऱ्या दिवशी उलटी, चालताना तोल सावरता येईना, जीभ जड. पातळी 1.6! दवाखान्यात दोन दिवस सलाईन, लिथियम तात्पुरतं बंद.

आता डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. मीठ रोजच्याइतकंच, कमीही नाही, जास्तही नाही. उलट्या-जुलाब झाले की आधी डॉक्टरांना फोन. आई माठाजवळच्या भिंतीवर खडूने माझ्या पेल्यांच्या रेघा ओढते.

लिथियमला माझ्याकडून पाचपैकी चार गुण. परवा पुन्हा रक्त द्यायचंय. गोळी रात्री 9 ला, म्हणजे सुई सकाळी 9 ला.