घरचा आइस्क्रीम सोडा: बाटली, सायफन की यंत्र?

मुंबईत ‘आइस्क्रीम सोडा’ हे नाव दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लागते, आणि घरी तो करायला घेणाऱ्याने आधी हा घोळ मिटवलेला बरा. इराण्याकडे किंवा पानाच्या गादीवर आइस्क्रीम सोडा मागितला तर हाती येते ती व्हॅनिलाच्या वासाची गोड, फसफसणारी बाटली. तिच्यात आइस्क्रीमचा कणही नसतो. दुसरा प्रकार अमेरिकेतल्या सोडा फाउंटनवरचा, म्हणजे नळातून सोडा सोडून पेये करून देणाऱ्या दुकानी ओट्यावरचा आहे. तळाशी सिरप, त्यात कालवलेले थोडे दूध किंवा साय, वर साधा बिनगोडीचा सोडा आणि त्यात आइस्क्रीमचे गोळे, अशी त्याची मांडणी असते. फिलाडेल्फियात १८७४ साली फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या पन्नाशीच्या प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन यांनी तो प्रथम विकला, असे त्यांचे म्हणणे होते. या शोधावर इतरांनीही हक्क सांगितला आहे.

या दोहोंच्या मधला, आपल्याकडे सर्वांत सोपा म्हणून केला जाणारा प्रकार म्हणजे गोड कोल्ड्रिंकमध्ये आइस्क्रीमचा गोळा सोडणे. त्याला फ्लोट म्हणतात आणि तो मुलांना आवडतो, पण त्यात गोडावर गोड चढते आणि अर्ध्या ग्लासातच जीभ कंटाळते. फाउंटनच्या पद्धतीत गोडी फक्त सिरप आणि आइस्क्रीम यांची असते, सोडा कोरडा आणि तिखट असतो, म्हणून शेवटच्या घोटापर्यंत तोंडाला चव राहते. बाटली, सायफन आणि यंत्र यांच्या सोड्याची पुढची सगळी तुलना मी या पद्धतीसाठीच केली आहे.

बहुतेक लोक आधी आइस्क्रीम कुठले आणावे याचा विचार करतात. गिरगावातल्या आमच्या घरी गेली अनेक वर्षे उन्हाळ्यात हा सोडा होतो, आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की विचार सोड्यापासून सुरू करावा, कारण मध्यम आइस्क्रीम चांगल्या सोड्यात खपून जाते, पण गॅस गेलेल्या सोड्यात उत्तम आइस्क्रीम घातले तरी हाती पातळ, गोडूस दूधच येते. पाण्यात कार्बन डायॉक्साइड किती विरघळतो हे दाबावर आणि तापमानावर ठरते. वातावरणाच्या साध्या दाबाला ५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.८ ग्रॅम वायू राहू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम सव्वा ग्रॅम. मे महिन्यात मुंबईतल्या दुकानाच्या फळीवर उभी असलेली बाटली तिशीच्या पुढेच असते. तिचे झाकण फिरवले की वायू बाहेर धाव घेतो आणि ग्लासात पोहोचेपर्यंत सोडा अर्धा उतरलेला असतो.

हे मी पाहुण्यांसमोर शिकले. एका दुपारी सहा जण घरी आले, आणि ऐन वेळी मागवलेल्या सोड्याच्या मोठ्या बाटल्या ‘फ्रीजमधल्याच आहेत’ या भरवशावर मी तशाच फोडल्या. पहिली फोडताच पांढरा लोट ओट्यावरून खाली जमिनीवर आला, आणि उरलेला सोडा ग्लासात ओतला तेव्हा सिरपवर दोन-चार बुडबुडे येऊन गप्प झाले. आइस्क्रीम टाकल्यावर जो फेस काठापर्यंत चढायला हवा तो चढलाच नाही. गोळा नुसता तपकिरी पाण्यात फिरत राहिला. तेव्हापासून बाटली हाताला नुसती गार लागून चालत नाही असा माझा नियम आहे. ती किमान पाच-सहा तास फ्रीजच्या आतल्या बाजूला आडोशाला राहिलेली असावी, दाराच्या कप्प्यात नव्हे.

बाटलीतला तयार सोडा ही महिन्यातून एकदा-दोनदा आइस्क्रीम सोडा करणाऱ्या घरासाठी सर्वांत शहाणपणाची निवड आहे, मात्र बाटली लहान घ्यावी. मोठी बाटली स्वस्त पडते, पण एकदा फोडली की तिच्या वरच्या रिकाम्या जागेत वायू साठत जातो आणि दुसरा ग्लास पहिल्यापेक्षा मवाळ होतो. शिवाय प्लॅस्टिकच्या बाटलीतून वायू न उघडताही हळूहळू झिरपतो, म्हणून भरल्याची तारीख पाहून शक्य तितकी ताजी बाटली निवडावी. काचेची मिळाली तर उत्तमच. लेबलावर आम्लता नियामक म्हणून ५०० हा क्रमांक दिसला तर त्यात सोडियमचा क्षार आहे असे समजावे. व्हिस्कीत किंवा लिंबू सोड्यात तो जाणवत नाही, पण व्हॅनिला आइस्क्रीमसोबत जिभेच्या मागच्या बाजूला किंचित खारट-साबणी चव ठेवतो. दोन-तीन कंपन्यांचा सोडा नुसता पिऊन पाहावा आणि ज्याची चव पाण्याच्या सर्वांत जवळ असेल तो ठेवावा.

सायफन, म्हणजे खटकी दाबली की वायूच्या दाबाने सोडा बाहेर सोडणारी जाड बाटली, ही माझी स्वतःची आवड आहे, आणि ती का ते सविस्तर सांगायला हवे. एक लिटरच्या पोलादी सायफनमध्ये थंड पाणी भरायचे, ८ ग्रॅमचा गॅस चार्जर (वायू भरलेली छोटी धातूची कुपी) फिरवून लावायचा, चांगले हलवायचे आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवायचे. आठ ग्रॅम वायू एक लिटरला म्हणजे पाण्याच्या आकारमानाच्या जवळपास चौपट होतो. काही वाया जातो हे धरूनही सोडा चांगला झणझणीत होतो. पण सायफनचा खरा फायदा वेगळाच आहे. बाटलीतला सोडा आपण ओततो, सायफनमधला सोडा दाबाने सुटतो. ती धार तळाच्या सिरपवर आपटते, सिरप आणि दूध चमचा न लावता ढवळले जाते आणि बारीक, घट्ट, साबणाच्या फेसासारखा थर वर येतो. फाउंटनच्या नळांना जाड आणि बारीक अशा दोन धारा असत, त्या याच कामासाठी: जाड धारेने ग्लास भरायचा आणि बारीक धारेने शेवटी फेस उठवायचा. घरच्या सायफनची खटकी अर्धवट दाबली की बारीक धार मिळते आणि पूर्ण दाबली की जाड. हे जमायला चार ग्लास फुकट जातात, पण जमल्यावर बाटलीकडे परत जावेसे वाटत नाही.

त्याच्या अडचणीही आहेत. चार्जर एकदाच वापरता येतो आणि प्रत्येक लिटरला नवा लागतो, त्यामुळे सोडा बाटलीपेक्षा महाग पडतो. क्रीम फेटण्याच्या सायफनसाठी नायट्रस ऑक्साइडचे चार्जर मिळतात आणि ते दिसायला अगदी सारखेच असतात. ते चुकून आणले तर पाण्याला नुसती गोडसर चव येते, सोड्याचा तिखटपणा येत नाही. म्हणून डबीवर कार्बन डायॉक्साइड लिहिलेले पाहूनच घ्यावे. आणि पाणी कोमट भरले तर चार्जर वाया गेलाच म्हणून समजावे.

सोडा करण्याचे यंत्र, म्हणजे मागे मोठा सिलिंडर असलेले आणि वरची कळ दाबली की बाटलीत वायू सोडणारे, या स्पर्धेत मला मधले वाटते. ज्या घरात रोज लिंबू सोडा, कोकम सोडा किंवा नुसता सोडा प्यायला जातो त्यांनी ते जरूर घ्यावे. एका सिलिंडरमध्ये कितीतरी लिटर होतात आणि रिकाम्या बाटल्यांचा ढीग साठत नाही. वायू किती तिखट ठेवायचा हेही आपल्या हातात राहते, आणि आइस्क्रीम सोड्यासाठी तो पिण्याच्या सोड्यापेक्षा तिखटच हवा. पण सिलिंडर संपला की तो बदलून देणारा माणूस आपल्या भागात येतो का, हे यंत्र घेण्याआधी विचारावे. चाळीतल्या किंवा वन रूम किचनमधल्या ओट्यावर मिक्सरशेजारी अजून एक उभे यंत्र मावते का, हाही प्रश्न लहान नाही. केवळ आइस्क्रीम सोड्यासाठी घेतलेले यंत्र दिवाळीपर्यंत माळ्यावर जाते, असे मी दोन घरांत पाहिले आहे. बहुतेक यंत्रांत फक्त साधे पाणीच फसफसवायचे असते. सिरप घातलेले पाणी त्यात लावले तर ते उसळून नळीत चढते.

खाण्याचा सोडा आणि लिंबाचे सत्त्व पाण्यात टाकून घरच्या घरी फेस काढायचा सल्ला अनेक जण देतात. तो बाजूला ठेवावा, कारण त्यात तयार होणारे सोडियम सायट्रेट पाणी खारट करते आणि उघड्या ग्लासात वायू टिकतही नाही. गोटी सोड्याचे आकर्षण मला समजते. हायरम कॉड यांच्या त्या बाटलीची रचना १८७२ सालची आहे आणि आतल्या वायूच्याच दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते, ही कल्पना आजही सुंदर वाटते. परंतु तो बहुधा लिंबाचा किंवा मसाल्याचा असतो आणि दुधाशी त्याचे पटत नाही.

आता आइस्क्रीम. इथे डब्यावरची अक्षरे वाचण्याइतके काम आहे. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ज्यावर नुसते ‘आइस्क्रीम’ लिहिले आहे त्यात किमान १० टक्के दुधाची चरबी असावी लागते. वनस्पती तेलाची चरबी वापरली तर त्याला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते. सोड्यात पडल्यावर हा फरक पटकन कळतो, कारण फ्रोझन डेझर्टचा तेलकट थर फेसावर आणि ओठांवर राहतो. दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे वजन. नियमानुसार एक लिटर आइस्क्रीम किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे, म्हणजे त्यात जवळपास निम्मी हवा असू शकते. असा हलका गोळा अर्धा बुडतो आणि अर्धा वर राहतो, आणि लवकर विरघळून जातो. डब्यावरचे मिलिलिटर आणि ग्रॅम शेजारी ठेवून पाहिले तर जड आइस्क्रीम सहज ओळखू येते. ते सोड्यात खोल बसते, त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर वायूचे बुडबुडे जन्म घेतात आणि फेस संथपणे, पण बराच वेळ येत राहतो. संचातले आइस्क्रीमही याच कारणाने छान लागते. कुल्फीत हवा फेटलेली नसते, म्हणून ती बहुतेक बुडतेच आणि तळाशी दगडासारखी पडून राहते. ती वेगळी खावी.

स्वाद व्हॅनिला, चॉकलेट किंवा कॉफी असावा. सीताफळ आणि शहाळे यांच्यावर माझा जीव आहे, पण त्यांचा हळुवार वास सोड्यात अक्षरशः बुडून जातो.

सिरपच्या बाबतीत तयार बाटली आणि घरचे सिरप यांत घरचेच निवडावे, कारण दहा मिनिटांचे काम आहे. पाव लिटर पाण्यात २०० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर आणि चिमूटभर मीठ घालून तीन-चार मिनिटे उकळावे, गार झाल्यावर व्हॅनिला घालावा. फ्रीजमध्ये ते दोन आठवडे सहज राहते. रोझ आणि खस ही तयार सिरपेही चालतात. कोकमाच्या बाबतीत मात्र मी सावध करीन. दुधातले केसिन हे प्रथिन आम्लता वाढून सामू ४.६ च्या आसपास आला की फाटते, आणि कोकम, लिंबू, रासबेरी ही सगळी आंबट मंडळी आहेत. कोकम आगळ घालून केलेल्या ग्लासात मिनिटभरात पनीरच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके काचेला चिकटलेले दिसले होते. चव वाईट नव्हती, पण कोणी प्यायला तयार होईना.

करताना साडेतीनशे ते चारशे मिलिलिटरचा उंच ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवावा. तळाशी दोन मोठे चमचे सिरप आणि तितकेच थंड दूध किंवा पातळ साय नीट कालवावी. बाटलीतला सोडा असेल तर ग्लास तिरका धरून पाऊण भाग भरावा, सायफन असेल तर धार सरळ मध्यभागी सोडावी. मग आइस्क्रीमचा एक गोळा आत आणि दुसरा ग्लासच्या काठावर दाबून बसवावा, म्हणजे निम्मा सोड्यात आणि निम्मा बाहेर राहील, आणि शेवटी उरलेला सोडा हळूहळू त्या गोळ्यावरून सोडावा. फेस काठावर उभा राहायला दहा सेकंद लागतात. तेवढ्यात लांब दांड्याचा चमचा आणि स्ट्रॉ देऊन ग्लास माणसाच्या हातात जायला हवा. सहा ग्लास ट्रेमध्ये मांडून एकदम नेण्याचा मोह टाळावा.

आणि ज्यांना इराण्याकडची लाल रासबेरीच, म्हणजे रासबेरीच्या स्वादाची गोड सोड्याची बाटलीच, हवी आहे, त्यांनी तिला सिरपच्या जागी न मानता सोड्याच्या जागी मानावे. मुंबईत पालनजी ही कंपनी १८६५ पासून सोडा बनवत आली आहे, आणि तिच्या रासबेरीची गोडी स्वतःच पुरेशी आहे. ग्लासात दूध आणि सिरप दोन्ही घालू नये; बाटली बर्फाइतकी गार करावी, ग्लास पाऊण भरावा आणि व्हॅनिलाचा एकच जड गोळा सगळ्यांत शेवटी अलगद सोडावा, म्हणजे आंबट रसाशी त्याची गाठ उशिरा पडते आणि गुलाबी फेस फाटण्याआधी पिऊन होतो.