क्वार्टरबॅकचं खासगी कोचिंग: पैसे पायांसाठी मोजा

अमेरिकेत क्वार्टरबॅकचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचं, खासगी कोचिंग आता आपल्याकडच्या क्लासेससारखंच झालं आहे. पोरगा दहा-बारा वर्षांचा झाला, फ्लॅग फुटबॉलमध्ये (अंगाला न भिडता कमरेची पट्टी ओढून अडवायचा प्रकार) दोन-चार टचडाउन झाले, की शाळेच्या प्रॅक्टिसखेरीज आठवड्याला एक तास वेगळा कोच. बहुतेक शहरांत तासाला शंभर डॉलरच्या आगेमागे, दहा तासांचं पॅकेज घेतलं तर थोडी सूट. डॅलस किंवा बे एरियातल्या मराठी घरांतही ही चौकशी होते, आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आल्यामुळे ती वाढणारच. प्रश्न सगळ्यांचा सारखा: यानं फेक सुधारते का, आणि नेम लागतो का?

फेक बऱ्यापैकी सुधारते. नेम थोडा सुधारतो, तोही बहुतांशी पायांमुळे. हाताची चाल बदलून देतो म्हणणाऱ्याला दहा तासांचे पैसे आगाऊ देऊ नयेत.

कारण साधं आहे. चेंडूला वेग जमिनीकडून मिळतो. मागचा पाय रेटतो, पुढचा टेकून अडतो, कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. हात या साखळीची शेवटची कडी. आधीची कडी उशिरा आली की हात ती उणीव भरून काढायला जातो, आणि पालकांना वाटतं हातातच खोट आहे. सरावलेला कोच पहिल्या तासाला मुलाच्या गुडघ्याखालीच बघत असतो.

तो काय बघतो, हे मोबाइलवर घरीही पाहता येतं. स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा. एक व्हिडिओ बाजूनं, छातीच्या बाजूला उभं राहून. दुसरा बरोबर मागून. मग पुढचा पाय जमिनीला टेकतो ती फ्रेम थांबवा. त्या क्षणी चेंडू खांद्याच्या उंचीला, कानामागे पोचलेला हवा आणि छाती अजून आडवी, म्हणजे बाजूच्या रेषेकडे तोंड करून असायला हवी. पाय टेकलाय आणि चेंडू अजून कमरेशी असेल, तर हात उशिरा निघाला. पाय टेकलाय आणि छाती आधीच लक्ष्याकडे वळली असेल, तर खांदा लवकर उघडला. कोचिंगच्या निम्म्या तक्रारी या एका फ्रेममध्ये दिसतात. ती फ्रेम न दाखवता नुसतं ‘कोपर वर, कोपर वर’ ओरडणारा कोच मैदानाच्या कडेला उभ्या कुठल्याही बापापेक्षा जास्त काही देत नाही.

आता चुका, उजव्या हातानं फेकणाऱ्याच्या हिशेबानं. सगळ्यांत जास्त आढळते ती लांब ढांग. ताकद लावायची म्हणून मुलगा पुढचा पाय हातभर लांब टाकतो, कंबर त्या पायावर पोचतच नाही, चेंडू मागेच सुटतो आणि रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, डोक्यावरून जातो. उपाय कंटाळवाणा आहे: पाय आधीच खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवायचे आणि पुढचा पाय वीतभरच सरकवायचा. दुसरी चूक डाव्या हाताची. तो बाहेर भिरकावला की डावा खांदा उघडतो, उजवा मागे रेंगाळतो, चेंडू वर आणि उजवीकडे जातो. डावं कोपर बरगडीशी आवळून घेतलं की हे बरंच आटोक्यात येतं. तिसरी, पुढच्या पायाचा अंगठा लक्ष्याच्या उजवीकडे वळणं. कंबर अडकते, हात एकटा ओढत राहतो, चेंडू कधी रिसीव्हरच्या मागे पडतो तर कधी ओढला जाऊन पुढे. अंगठा लक्ष्याच्या किंचित डावीकडे हवा. फार डावीकडे गेला तर कंबर आधीच सुटते, आणि आगीतून फुफाट्यात.

कोपर खांद्याच्या खाली गेलं तर चेंडू फेकला न जाता ढकलला जातो आणि डगमगत निघतो. डगमग पकडीमुळेही येते. तळवा चेंडूला चिकटलेला असतो, किंवा सुटताना हात चेंडूच्या खालून जातो. तळवा आणि चेंडू यांच्यात फट दिसली पाहिजे, तर्जनी सगळ्यांत शेवटी सुटली पाहिजे आणि फेकीनंतर अंगठा खाली, डाव्या खिशाकडे जायला हवा. चेंडूच वयापेक्षा मोठा असेल तर यातलं काहीच जमणार नाही. विल्सनच्या मापांत साधारण सहा ते नऊ वर्षांना पीवी, नऊ ते बाराला ज्युनियर, बारा ते चौदाला यूथ, त्यापुढे पूर्ण मापाचा. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, चेंडू ११ ते सव्वाअकरा इंच लांब आणि १४ ते १५ औंस, म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास. ‘पुढे सवय होईल’ म्हणून दहा वर्षांच्या मुलाला तो देणं म्हणजे कोपर खाली पाडायची सवय लावणं. क्रिकेटच्या घरातल्या मुलांची आणखी एक गंमत: त्यांचा हात मोकळा असतो, पण फेक पळत येऊन, अंगाचा झोक देऊन केलेली असते. दीडशे-एकशेसाठ ग्रॅमच्या चेंडूला ते चालतं. पॉकेटमध्ये, म्हणजे साथीदारांनी क्वार्टरबॅकभोवती धरलेल्या कड्यात, झोक घ्यायला जागाच नसते.

हाताची मूळ चाल मात्र मुळापासून बदलते का? इथे मोठ्या खेळाडूंकडे बघावं. टिम टीबोनं कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची २००७ची हाइझमन ट्रॉफी जिंकली होती, पण त्याचा चेंडू आधी कमरेपर्यंत खाली जायचा आणि मग वळसा घेऊन वर यायचा. २०१०च्या ड्राफ्टआधी (एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात तो) त्यानं तो वळसा कमी करायला मेहनत घेतली. अंगावर बचावपटू येऊ लागले की जुनी फेक परत यायची. २०११ला एनएफएलच्या डेन्व्हर संघाकडून त्याचे ४६.५ टक्केच पास पूर्ण झाले. उलट ॲरन रॉजर्स कॉलेजातून चेंडू कानाशी उंच धरायला शिकून आला होता, आणि एनएफएलच्या ग्रीन बे संघात तो खाली आणवून फेक मोकळी करण्यात आली. पण तो बदल फेकीच्या सुरुवातीचा होता, आणि रॉजर्सला बाकावर बसून सराव करायला तीन हंगाम मिळाले. फिलिप रिव्हर्सची बाजूनं ढकलल्यासारखी फेक दिसायला वेडीवाकडी, पण दर वेळी तशीच, म्हणून ती सुधारायची गरज पडली नाही. बुमराची ॲक्शन पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

बफेलो संघाचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याचं उदाहरण मात्र प्रत्येक कोचिंगवाल्याच्या जाहिरातीत आडून येतं. त्याचे पूर्ण झालेले पास २०१८ला ५२.८ टक्के, २०१९ला ५८.८, २०२०ला ६९.२. या काळात तो जॉर्डन पामर या खासगी कोचकडे ऑफसीझनमध्ये काम करत होता, आणि पाय, कंबर, खांदा यांचा क्रम खरोखर सुधारला. पण २०२०लाच बफेलोत स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आला, आणि ब्रायन डेबॉलची आक्रमण-रचनाही तोवर मुरली होती. पुढच्या दोन्ही वर्षी आकडा ६३.३ वर आला, फेक तीच असताना. पूर्ण झालेल्या पासचा टक्का हा नेमाचा आकडा नव्हेच. त्यात रिसीव्हरनं सोडलेले, मुद्दाम बाहेर फेकलेले आणि दोन यार्डांचे सोपे पासही असतात. कोच पोराचा टक्का वाढल्याचं सांगू लागला तर विचारा, किती यार्डांवर?

नेमाला वेळेचा हिशेबही लागतो, आणि बहुतेक खासगी कोच इथे कमी पडतात. रिसीव्हरच्या धावण्याच्या वाटा ठरलेल्या असतात: तीन पावलांच्या ड्रॉपवर (चेंडू घेऊन मागे सरकणं) स्लँट किंवा हिच, पाच पावलांवर कर्ल किंवा आउट. शेवटचं पाऊल टेकताच चेंडू निघाला पाहिजे. रिसीव्हर वळल्यावर फेकला तर अचूक फेकही उशिराची ठरते. ॲन्थनी रिचर्डसन कॉलेजात जेमतेम १३ सामने सुरुवातीपासून खेळून एनएफएलमध्ये गेला आणि २०२४ला ४७.७ टक्क्यांवर राहिला. त्याच्यासारखा ताकदवान हात तासावर भाड्यानं मिळत नसतो. कमी पडले ते सामने.

तास कसा वापरला जातो, त्यावरून कोच ओळखता येतो. साठ मिनिटांपैकी पहिली दहा चेंडूशिवाय, रबर बँड आणि खांदा मोकळा करणं. पंधरा मिनिटं नुसते पाय. मग पन्नास-साठ फेकी, त्यापुढे नाही. वाढत्या वयात खांद्याच्या आणि कोपराच्या हाडांच्या टोकांशी असलेली कोवळी कूर्चा जास्त फेकींनी दुखावते. बेसबॉलमध्ये नऊ-दहा वर्षांच्या पिचरला दिवसाला ७५ फेकींची मर्यादा सांगितलेली आहे, ती डोळ्यांपुढे ठेवावी. थकल्यावर कोपर खाली येतं, म्हणजे शेवटच्या वीस फेकींत मुलगा चूकच घोटत असतो. शेवटची दहा मिनिटं व्हिडिओ. शिडी, टायर, रंगीत कोन यांचाच पसारा मांडलेला तास इन्स्टाग्रामसाठी असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला जड चेंडू देणारा कोच तर पहिल्याच दिवशी सोडावा.

गुडघ्यावर बसून फेकायचा ड्रिल सगळेच घेतात. छाती आणि हाताचा क्रम समजायला तो चांगला, पण तिथेच महिना गेला तर व्यर्थ, कारण पाय त्यात नाहीतच. उभ्यानं, मग ड्रॉप घेऊन, मग धावत्या रिसीव्हरला, आणि शेवटी समोर कुणी पॅड घेऊन धावून येत असताना, अशी चढण हवी. चौथ्या पायरीवर जुनी फेक परत आली तर बदल अजून बसलेला नाही. तो बसायला सहा-आठ आठवडे सहज जातात, म्हणून हे काम जानेवारी ते मे या मोकळ्या महिन्यांतलं. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाल्यावर फेक बदलायला घेणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पेन धरायची पद्धत बदलणं. बारा-चौदाच्या वयात वर्षभरात उंची भराभर वाढते तेव्हा नेम आपोआप बिघडतो; त्यासाठी नवीन कोच शोधू नका, सहा महिने थांबा.

पहिल्या तासाआधी १५ यार्डांवर जाळी लावून तीस फेकी मोजा आणि प्रत्येक चूक कागदावर ठिपक्यानं मांडा. ठिपके एकाच बाजूला, समजा वर-उजवीकडे, गोळा झाले असतील, तर दोष एकच आहे आणि कोच तो काढू शकतो; हे पैसे कारणी लागतील. ठिपके चौफेर विखुरले असतील तर फेकच दर वेळी निराळी होते आहे. मग तासाच्या कोचपेक्षा अंगणात रोज पंधरा मिनिटं पायांचा सराव स्वस्त आणि जास्त उपयोगी. दुसरं पॅकेज घेण्याआधी तीच चाचणी, त्याच चेंडूनं, तेवढ्याच अंतरावरून घ्या. फक्त या वेळी प्रत्येक फेक पाच पावलांच्या ड्रॉपनंतर, आणि कोच घरी गेल्यावर.