सायक्लोस्पोरिनचे दुधाळ थेंब : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुद्रितशोधनाच्या कामामुळे माझे दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यासमोर जातात. डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखे खुपू लागले आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब वारंवार घालूनही आराम टिकेना, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी कोरड्या डोळ्यांसाठी सायक्लोस्पोरिन या दाह शमवणाऱ्या औषधाचे ०.०५ टक्के इमल्शन (पाण्यात तेलाचे सूक्ष्म कण पसरलेले मिश्रण) दिवसातून दोनदा घालण्यास सांगितले. भारतात ते एकाहून अधिक कंपन्या बनवतात. मी वापरते ते एकदाच वापरून टाकून द्यायच्या छोट्या कुप्यांत मिळते.

पहिली कुपी उघडली तेव्हा थेंब दुधासारखा पांढरा दिसला आणि औषध खराब झाले असावे असे समजून मी ते दुकानात परत घेऊन गेले. गढूळ झालेले थेंब डोळ्यांत घालू नयेत, हे आपण नेहमी ऐकत आलेलो असतो. इथे मात्र तो पांढरेपणा औषधाच्या घडणीतूनच येतो. सायक्लोस्पोरिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रेस्टासिस या सायक्लोस्पोरिनच्या थेंबांमध्ये ते एरंडेल तेलात विरघळवून त्या तेलाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरवले गेले, आणि कण एकत्र येऊन तेल वर तरंगू नये यासाठी पॉलिसॉर्बेट ८० घातले गेले. नॅनोइमल्शनमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या इमल्शनमध्ये, अशा कणांचा आकार साधारण २० ते २०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असतो.

एवढा खटाटोप का करावा लागतो, हे समजून घेतल्यावर या औषधाविषयी माझा आदर वाढला. डोळ्याच्या पृष्ठभागावर एका वेळी जेमतेम ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि आपण घालतो तो थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. जादा द्रव गालावर ओघळतो किंवा अश्रुनलिकेतून नाकात आणि घशात उतरतो (कित्येक थेंबांची कडू चव घशाला लागते ती त्यामुळेच), आणि साध्या थेंबातले सहसा ५ टक्क्यांहूनही कमी औषध डोळ्याच्या आत पोहोचते. त्यातच पारपटलाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा) बाहेरचा थर स्निग्ध आणि मधला पाणीदार असल्याने केवळ पाण्यात किंवा केवळ तेलात रमणाऱ्या औषधाची वाट अडते. तेलाचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर अधिक वेळ टिकतात, औषध हळूहळू सोडतात आणि अश्रूंचे बाष्पीभवनही कमी करतात. युरोपात २०१५ मध्ये मान्यता मिळालेल्या इकेर्विस या सायक्लोस्पोरिनच्याच थेंबांमध्ये तर कणांना धन विद्युतभार दिलेला आहे, कारण डोळ्याचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि कण त्याला धरून राहतात. ते दिवसातून एकदाच घालावे लागते.

माझ्या अनुभवात पहिले पाच-सहा आठवडे थेंब घातल्यावर डोळे चांगलेच झोंबत आणि क्षणभर धूसर दिसे. रेस्टासिसच्या चाचण्यांतही १७ टक्के रुग्णांनी जळजळ नोंदवली होती, हे वाचून मी थांबले नाही. हे औषध डोळ्याच्या पृष्ठभागावरचा दाह शमवते, त्यामुळे गुण यायला महिने लागतात. मला फरक जाणवला तो चौथ्या महिन्यात, जेव्हा संध्याकाळपर्यंत वाचूनही डोळे लाल होईनासे झाले. मात्र अवास्तव अपेक्षा कोणी ठेवू नये. त्याच चाचण्यांत सहा महिन्यांनी अश्रूंच्या शर्मर मापनात (पापणीत ठेवलेली कागदी पट्टी किती मिलिमीटर भिजते ते पाहतात) १० मिलिमीटरची वाढ सुमारे १५ टक्के रुग्णांत दिसली, तर औषधाविना नुसते इमल्शन घेणाऱ्या सुमारे ५ टक्क्यांत.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाविषयी आहे. ज्यांचे डोळे आधीच त्रासलेले आहेत त्यांच्या हाती बारीक इंग्रजी टाइपातला कागद पडतो, आणि थेंब पांढराच असतो हे दुकानदारालाही ठाऊक नव्हते. मराठीत चार ओळी पुरेशा आहेत: कुपी उघडण्यापूर्वी काही वेळा उलटीसुलटी करावी, कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून थेंब घातल्यावर १५ मिनिटांनी पुन्हा लावावी, कृत्रिम अश्रू घालायचे असल्यास तेवढेच अंतर ठेवावे, आणि उरलेले औषध, कितीही महाग वाटले तरी, संध्याकाळसाठी राखून न ठेवता लगेच टाकून द्यावे.